जळके ऑइल, जाड नळी आणि संथ पंप

नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीतील एका लहान वर्कशॉपच्या मागच्या पडवीत मी गेल्या जुलैमध्ये बराच वेळ एका पंपाचा आवाज ऐकत उभा होतो. दोनशे लिटरच्या पिंपांतील जळके, म्हणजे इंजिनांतून काढलेले वापरलेले ऑइल हजार लिटरच्या टाकीत चढवायचे होते आणि त्यासाठी पाण्याचा एक अश्वशक्तीचा मोनोब्लॉक पंप जोडलेला होता. मोटर सुरळीत फिरत होती, पण पंपाच्या पोटात खडे घोळवल्यासारखा खडखडाट होत होता आणि टाकीच्या तोंडाशी करंगळीएवढी, फेसाळलेली धार पडत होती. पंप कमी पडतो आहे, आता दोन अश्वशक्तीचा आणावा, असे मालकांचे मत होते. मी त्यांना पंप तसाच ठेवून आधी त्याच्या मागची, म्हणजे पिंपातून पंपाकडे येणारी नळी पाहण्याची विनंती केली. ती पाऊण इंची होती आणि दुखणे बहुतांशी तिच्यातच होते.

पंप तेल ओढतो असे आपण सहज बोलतो, पण द्रवाला दोरीसारखे ओढता येत नाही. पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि पिंपातील तेलाच्या पृष्ठभागावर बसलेली हवा ते तेल नळीतून पुढे ढकलते. हवेचा हा दाब समुद्रसपाटीला सुमारे १.०१ बार असतो. पंप कितीही मोठा आणला, तरी त्याच्या मागच्या बाजूला खर्चायला एवढेच भांडवल मिळते, आणि तेही पूर्ण वापरता येत नाही. खनिज तेलात साधारण वातावरणीय दाबाला त्याच्या आकारमानाच्या आठ ते दहा टक्के हवा विरघळलेली असते. दाब उतरू लागला की सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर येतात तसे तिचे बुडबुडे बाहेर पडतात, आणि पंप तेलाऐवजी फेस चघळत बसतो. त्या पडवीत ऐकू येणारा खडखडाट हाच होता.

हे भांडवल कशावर खर्च होते, तर मुख्यतः तेलाच्या चिकटपणावर. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा चिकटपणा सुमारे १ सेंटीस्टोक असतो. ट्रकमधून काढलेले १५डब्ल्यू-४० जातीचे इंजिन ऑइल ३० अंशांना दीडशे ते दोनशे सेंटीस्टोकच्या घरात असते. इतका जाड द्रव नळीतून शांत थरांनी वाहतो, आणि अशा प्रवाहाचा नियम ज्यां पोआज्यूय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काचेच्या बारीक नळ्यांवर प्रयोग करून शोधला. शरीरातील केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते, हे त्याला समजून घ्यायचे होते. त्याच सुमारास जर्मनीत हागेन हा अभियंताही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचला. नियम असा की दाबाची घट चिकटपणा, प्रवाह आणि नळीची लांबी यांच्या समप्रमाणात वाढते, पण नळीच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. व्यास दुप्पट केला, तर घट सोळाव्या हिश्श्यावर येते.

हा चौथा घात किती निर्दय आहे, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. मिनिटाला ४० लिटर तेल हवे, म्हणजे एक पिंप पाच मिनिटांत रिकामे व्हावे, आणि मागची नळी तीन मीटर लांब आहे असे धरू. २०० सेंटीस्टोकच्या तेलासाठी एक इंची नळीत सुमारे ०.३७ बार दाब खर्च होतो आणि हे जमण्यासारखे आहे. तीच नळी पाऊण इंची असेल, तर खर्च १.१ बारवर जातो, म्हणजे मुळात वातावरणाच्या खिशात जेवढे आहे त्याहूनही अधिक. त्या नळीतून मिनिटाला ४० लिटर तेल जगातला कोणताही पंप खेचू शकणार नाही. उलट दीड इंची नळी घेतली, तर ०.०७ बारमध्ये काम भागते. हा हिशेब पावसाळ्यातील दुपारचा झाला. डिसेंबरच्या पहाटे ठाण्याचा पारा १५ अंशांजवळ उतरतो, तेव्हा तेच तेल मे महिन्यातील दुपारच्या मानाने जवळजवळ तिप्पट घट्ट झालेले असते. म्हणून मागची नळी पंपाच्या तोंडापेक्षा एक माप मोठी, शक्य तितकी आखूड आणि आतून तारेचे वेटोळे असलेली घ्यावी, कारण साधी मऊ नळी निर्वाताने चिपाडासारखी चपटी होते. पंप जमिनीलगत, पिंपाच्या पातळीच्या खाली बसवता आला, तर फारच उत्तम.

चिकटपणाइतकाच महत्त्वाचा, पण पंप घेताना सहसा कोणाच्या ध्यानात न येणारा दुसरा प्रश्न पाण्याचा आहे. जळक्या ऑइलच्या पिंपात पाणी शिरतेच. उघड्यावर उभे ठेवलेले पिंप दिवसा तापते, आतली हवा प्रसरण पावून बुचाच्या आट्यांतून बाहेर जाते. संध्याकाळी सर कोसळून पत्रा गार झाला की आतली हवा आकुंचन पावते आणि झाकणावर साचलेले पाणी त्याच आट्यांतून आत ओढले जाते. पिंप जणू श्वास घेते, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील पावसाळ्यात त्या श्वासाबरोबर पाणीच जाते. पिंप आडवे ठेवून दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, तेलाच्या पातळीखाली राहतील असे पाहिले, तर हे बरेचसे टळते.

पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते आणि खालच्या कॉकमधून काढून टाकता येते. मात्र ते किती वेळात बसेल, हे थेंबाच्या आकारावर ठरते. जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार द्रवात बुडणाऱ्या थेंबाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आपल्या तेलात दशांश मिलिमीटरचा पाण्याचा थेंब तासाला सुमारे १२ मिलिमीटर उतरतो, म्हणजे पिंपाची ८५ सेंटिमीटर खोली तो तीन दिवसांत पार करतो. त्या थेंबाचे शतांश मिलिमीटरचे तुकडे झाले, तर प्रत्येकाचा वेग शंभरपट घटतो आणि तळ गाठायला तीनशे दिवस लागतात. प्रत्यक्षात थेंब एकमेकांना मिळून मोठेही होतात, पण इंजिन ऑइलमध्ये मुळातच मळ तरंगत ठेवणारी रसायने घातलेली असतात आणि ती थेंबांना एकत्र येण्यापासून रोखतात. आता धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असे तेल जागेवर साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे लागते. मिनिटाला २८०० फेऱ्यांनी फिरणारा मोनोब्लॉकचा इंपेलर, म्हणजे आतले पात्यांचे चक्र, पाणी आणि तेल घुसळून कॉफीच्या रंगाचे मिश्रण तयार करतो. जे पाणी तीन दिवसांत आपोआप वेगळे झाले असते, ते कायद्याने दिलेल्या मुदतीतही वेगळे होत नाही. पंपाने केलेले हे नुकसान वीजबिलात दिसत नाही, म्हणून मला ते अधिक खुपते.

त्यामुळे या कामाला संथ फिरणारा, दर फेरीला ठरावीक माप पुढे सरकवणारा पंप हवा. स्वच्छ, गाळून घेतलेल्या तेलासाठी माझी पहिली पसंती गिअर पंपाला असते. त्याच्या दातांच्या खाचांत तेल भरते आणि कडेकडेने पुढे नेले जाते. तेल घट्ट असले, तर फटींतून मागे गळणारे तेल उलट कमीच होते. मोटर १४४० फेऱ्यांची असली, तरी गिअरबॉक्स लावून पंप तीन-चारशे फेऱ्यांवर चालवावा. ४० लिटरचा प्रवाह आणि ३ बार दाब यांसाठी प्रत्यक्ष काम २०० वॅटचेच आहे, म्हणून निम्मी कार्यक्षमता धरली तरी एक अश्वशक्ती पुरून उरते. या पंपाला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक म्हणजे वाळू, वेल्डिंगचे कण आणि चिंध्या, कारण त्याच्या आतील फटी मिलिमीटरच्या काही शतांशांच्याच असतात. म्हणून मागे मोठ्या क्षेत्रफळाची जाळी लावावी, आणि ती फार बारीक नसावी, नाहीतर दाबाचे सगळे भांडवल तीच खाऊन टाकते. दुसरी म्हणजे बंद व्हॉल्व्ह. पुढचा मार्ग अडला तरी गिअर पंप ढकलणे थांबवत नाही. मग नळी फुटते, नाहीतर मोटर जळते. दाब वाढताच आपोआप उघडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हशिवाय असा पंप विकत घेऊच नये.

तळाचा गाळ, रबडी झालेले ग्रीस आणि कचरा यांसकट सगळे उपसायचे असेल, तर हवेवर चालणारा दुहेरी डायफ्रामचा, म्हणजे दोन लवचीक पडद्यांचा पंप बरा. जिम विल्डेन या अमेरिकन माणसाने तो १९५५ मध्ये बनवला. कोरडा चालला तरी तो बिघडत नाही, व्हॉल्व्ह बंद केला की निमूट थांबतो आणि त्याला विजेची मोटरच लागत नाही. कॉम्प्रेसरची हवा मात्र तो भरपूर पितो. रने म्वानो या फ्रेंच अभियंत्याने १९३० च्या सुमारास शोधलेला एकस्क्रू पंप गाळही नेतो आणि थेंबही फोडत नाही, पण तो कोरडा फिरला तर त्याचे रबरी अस्तर काही मिनिटांतच करपते. महिन्याला एखादेच पिंप हलवायचे असेल, तर हाताने फिरवायचा बॅरल पंप पुरेसा आहे आणि त्यावर अधिक खर्च करू नये.

सील आणि डायफ्राम नायट्राइल रबराचे असावेत. ईपीडीएम रबर पाण्यासाठी उत्तम, पण खनिज तेलात ते फुगते. तेलात पेट्रोल किंवा थिनर मिसळल्याची शंका असेल, तर मात्र प्रश्न पंपापुरता राहत नाही. शुद्ध इंजिन ऑइलची वाफ पेट घेण्यासाठी ते दोनशे अंशांपलीकडे तापावे लागते, पण थोड्याशा पेट्रोलने हा उंबरा फार खाली येतो. तिथे साधी मोटर चालत नाही, ज्वालारोधक मोटर हवी. तसेच पिंप, पंप आणि टाकी तारेने एकमेकांना जोडून अर्थिंग केलेले असावे.

रबाळ्याच्या त्या पडवीत शेवटी दीड इंची नळी आणि संथ गिअर पंप बसला. पुढची नळी टाकीच्या तळापर्यंत सोडली, म्हणजे धार वरून आदळून फेस होत नाही. आणि पंप टाकीच्या पातळीखाली असल्यामुळे, तो बंद असताना टाकीतील तेल सायफनने उलटे पिंपात येऊ नये म्हणून त्या नळीला वरच्या वळणाजवळ एक बारीक भोक पाडले. पडवीमागचा नाला ठाण्याच्या खाडीला मिळतो आणि ती खाडी २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, म्हणून जोडांखाली पत्र्याची पसरट परातही ठेवली. तीन दिवसांनी मिस्त्रींनी टाकीच्या तळाचा कॉक हळूच उघडला. आधी गढूळ पाणी आले, जवळजवळ अर्धी बादली भरली, आणि मग एका क्षणी धार काळी, तुळतुळीत झाली, तसा त्यांनी कॉक बंद केला.