कायद्याचे सर कोर्टात का दिसत नाहीत : थोडी पार्श्वभूमी

मानवी हक्कांवर एवढं बोलणारे सर स्वतः केस का लढत नाहीत, हा प्रश्न औरंगाबाद (आताचं संभाजीनगर), नांदेड, लातूर, कुठल्याही लॉ कॉलेजच्या कट्ट्यावर निघतोच. उत्तर साधं आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी असली की वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम. उलट वकिलाला मात्र शिकवता येतं, दिवसाला तीन तासांपर्यंत, हा नियम १९७९ चा. त्यामुळे आपल्याकडे कायम दोन जाती राहिल्या, पूर्णवेळ सर आणि वकील-सर. आम्हाला घटना शिकवणारे वकील-सर सकाळी साडेसातला काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून समानतेचं कलम १४ सुरू करायचे आणि साडेनऊला कोट हातावर घेऊन अर्ध्या वाक्यात निघायचे, कारण अकराला पुकारा. जगण्याच्या हक्काच्या कलम २१ पर्यंत त्या वर्षी आम्ही पोचलोच नाही.

निजामाच्या काळावर जास्त लिहीत नाही. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, शिकवणं उर्दूत, सरकारी कागद उर्दूत. पुढे १९४८ ला निजामाची राजवट संपली, मग १९५० ला औरंगाबादेत मिलिंद कॉलेज, १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ, हे सगळ्यांना पाठ आहे.

माझ्या मते आपल्याकडच्या हक्कांच्या चर्चेची खरी सुरुवात १९७८-७९ ची. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्या जळाल्या. तेव्हा हातात कायदा होता १९५५ चा, अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा, १९७६ ला नाव बदलून नागरी हक्क संरक्षण झालेला. त्याच वेळी त्यात एक पोटकलम घातलं होतं की अस्पृश्यता संपल्यामुळे मिळालेला हक्क बजावला म्हणून कोणी सूड घेतला, मारहाण केली, मालमत्तेचं नुकसान केलं, तर गंभीर गुन्ह्यात किमान दोन वर्षं. आता विद्यापीठाला नाव द्या म्हणणं हा त्यातला हक्क धरायचा का? इथे गाडी अडते, आणि मग घर जाळणं ही नुसती जाळपोळ उरते. दलिताचं राहतं घर जाळणं हा वेगळा गुन्हा आणि त्याला जन्मठेप, हे यायला १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा उजाडला. अकरा वर्षं.

आणि १९७९ च्या सप्टेंबरात मथुरा प्रकरणातलं ते पत्र. प्रकरण आपल्या भागातलं नाही, विदर्भातलं, देसाईगंजचं. १९७२ मध्ये पोलीस स्टेशनातच एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला. सेशन्स कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने १९७८ ला परत सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही. यावर कायदा शिकवणाऱ्या चौघांनी थेट सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. सगळी लढाई एका शब्दावर, संमती. त्यांचं म्हणणं असं की संमती देणारा मुकाट राहील, पण मुकाट राहिला म्हणजे संमती दिली असं होत नाही. आणि बंद ठाण्यात, खाकीसमोर, गरीब घरच्या त्या पोरीने नाही म्हणायचं कसं, हे कोर्टाने बघितलंच नाही. वर्गात समानता म्हणजे कायद्यापुढे सगळे सारखे एवढंच लिहून घेतात, पण हे पत्र म्हणत होतं की आधी तिची जागा बघा, मग मोजा. रिव्ह्यू, म्हणजे निकालाचा फेरविचार, काही यशस्वी झाला नाही, पण देशभर मोर्चे निघाले, १९८३ ला कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्कारात बाई संमती नव्हती म्हणाली तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं असं आलं, आणि निव्वळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती धरायची नाही हे कलमात स्पष्ट लिहायला २०१३ उजाडलं. वकिलीची सनद न वापरता, टपालाने एवढं झालं. वकील-सरांना राग येईल पण हे पूर्णवेळवाल्यांचं काम होतं.

औरंगाबादचं खंडपीठ १९८१ ला सुरू झालं, मुंबईच्याच हायकोर्टाने तो आदेश रद्द केला, सुप्रीम कोर्टाने पुढच्या वर्षी कायम केला. मुंबईची रात्रीची गाडी वाचली. १९९३ ला मानवी हक्क संरक्षण कायदा आला आणि ‘ह्यूमन राइट्स’ हळूहळू पेपर झाला, डिप्लोमा झाला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार, म्हणजे ‘मराठवाडा’ ठेवून बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला लागलं. २०१७ ला शहरात राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झालं.

त्यानंतर निकाल, कायदे, आंदोलनं यांची नुसती रांग लागली. मार्च २०१८ ला अ‍ॅट्रॉसिटीतली अटक सैल करणारा निकाल आणि ऑगस्टमध्ये तो फिरवणारं कलम १८ अ, त्याच वर्षी १६ टक्के मराठा आरक्षण, मे २०२१ ला सुप्रीम कोर्टात ते रद्द, २०२३ ला अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं उपोषण, २०२४ ला नवं १० टक्के, आणि सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा जीआर, म्हणजे निजामकाळातल्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले द्यायचा सरकारी आदेश. आता पोरं पीएचडीला कुणबी नोंदी हा विषय घेऊन येतात, कागद मोडी नाहीतर उर्दूत, आणि गाईड सरांना यातलं एकही वाचता येत नाही, मग चौकातल्या म्हाताऱ्या अर्जनवीसाला चहा पाजून वाचून घेतात.