मेपलची कुंडी गोव्यात का रुसते?

लाल पानांच्या जपानी मेपलचं बोन्साय, म्हणजे उथळ कुंडीत खुजं वाढवलेलं झाड, गोव्यात का टिकत नाही, ते पाहू. तसा गोव्याचा जपानशी संबंध जुना. धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला जपानमधल्या कागोशिमाला उतरले. पुढे गोवा, मकाव, नागासाकी ही जहाजांची नेहमीची वाट झाली. पोर्तुगीज काळातच काजू, अननस आणि मिरची अमेरिका खंडातून इथे आली आणि अशी रुजली, की ती परकी आहेत हे आज मुद्दाम सांगावं लागतं. ही तिन्ही उष्ण प्रदेशातली. जपानी मेपलचं घराणं वेगळं, थंड हवेतलं.

बोन्सायचं मूळ चीनमध्ये. आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका तांग राजपुत्राच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात सेवकाच्या हाती तबक दिसतं, त्यात दगड आणि इवलीशी झाडं. जपानमध्ये ही कला वाढली आणि एदो काळात (१६०३–१८६८) मेपलचे कितीतरी वाण निवडले गेले. जपानने १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना बंदी केली, युरोपीयांपैकी डच व्यापारी तेवढे उरले. त्यामुळे या झाडाचं शास्त्रीय वर्णन युरोपात पोचवलं ते डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या थुनबर्ग या स्वीडिश वैद्याने, १७८४ मध्ये. टोकियोच्या १९२३ च्या भूकंपानंतर तिथले बोन्सायकार जवळच्या ओमियाला गेले; त्यांचं गाव १९२५ पासूनचं.

आता आपल्या गच्चीवर येऊ. मेपल पानं गाळून थंडीत झोपतो आणि ही झोप कित्येक आठवड्यांची लागते. पणजीत जानेवारीची रात्रही साधारण २० अंशांची. विश्रांती न मिळालेलं झाड वेळीअवेळी फुटत राहतं आणि खंगत जातं. त्यात एप्रिलचं ऊन पानांच्या कडा करपवतं. मग वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पडणारा पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत; कुंडीतली माती चिकट असेल तर मुळं कुजलीच. बोन्सायची कुंडी उथळ, म्हणून हे सगळं लवकर घडतं.

गंमत म्हणजे बी रुजतं. ओलसर करून तीनेक महिने फ्रिजमध्ये ठेवलं की त्याला खोटा हिवाळा मिळतो, रोप वर येतं आणि हौशी माणूस हुरळतो. पुढच्या हिवाळ्याचं काय, हे कुणी विचारत नाही! निळ्या मेपलचं बी म्हणून विकलं जातं ती तर उघड फसवणूक, असा मेपल नसतोच.

लाल पालवीचीच हौस असेल तर कोशिंब आहे, फाल्गुन-चैत्रात तो तांबडालाल होतो. पण त्याची संयुक्त पानं मोठी, कुंडीत प्रमाण जमणं कठीण. माझं मत वडाच्या किंवा पिंपळाच्या बाजूने. दोघेही छाटणी सोसतात. पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या चिऱ्यांच्या कुंपणात रुजलेलं एखादं रोप, मालकाला विचारून, मुळांसकट अलगद सोडवावं. पाण्याचा निचरा होईल अशा मातीत लावलं, की दमट हवेत ते लवकर धरतं.