शोआधीचा कार्डिओ आणि शोनंतरचा कार्डिओ: मशीन तेच, काम वेगळं

बॉडीबिल्डिंग किंवा फिटनेस स्पर्धेचा शो झाल्यावर पहिल्या आठवड्यात साधारण दोन प्रकारची माणसं दिसतात. एक जण ट्रेडमिलकडे ढुंकूनही बघत नाही, महिनोन्महिने रोज चाललोय, आता बास. दुसरा सोमवारी सकाळी रिकाम्या पोटी परत मशीनवर हजर, कारण वजनकाट्याने त्याला घाबरवलेलं असतं. दोघं अगदी उलट वागतायत असं वाटतं, पण दोघांच्या डोक्यात कार्डिओचा अर्थ एकच आहे, चरबी जाळायचं साधन. एकाला ते साधन आता नको आहे आणि दुसऱ्याला ते आधीपेक्षा जास्त हवंय. माझं म्हणणं असं की शोआधीचा आणि शोनंतरचा कार्डिओ ही एकाच गोष्टीची जास्त आणि कमी मात्रा नाहीच मुळात, दोन्हींचं काम वेगळं, मोजमाप वेगळं, आणि ते कधी पुरे झालं हे ठरवायची पद्धतपण वेगळी.

प्रेपमधल्या, म्हणजे शोआधीच्या तयारीतल्या, कार्डिओचं काम एकच, कॅलरीची तूट वाढवणं. खाणं अजून कमी करणं शक्य नसतं म्हणून खर्च वाढवायचा. तिथे हार्ट, स्टॅमिना वगैरे सगळं दुय्यम, वजनाची आठवड्याची सरासरी खाली जातेय का आणि आरशात कट्स (स्नायूंच्या रेषा) दिसतायत का एवढंच बघायचं. वजन अडकलं की दहा मिनिटं वाढवा, परत अडकलं की अजून एक सेशन टाका. प्रेपपुरतं हे बरोबर आहे, कारण त्याला शेवटची तारीख असते. शोनंतर ती तारीख निघून गेलेली असते पण सवय तशीच राहते, आणि गडबड तिथेच होते.

शोनंतरच्या कार्डिओचं काम आहे हृदय आणि फुफ्फुसं कामात ठेवणं, भूक-झोप जागेवर यायला मदत करणं, आणि जिममध्ये दोन सेटमधला दम लवकर भरून यावा एवढी कंडिशनिंग टिकवणं. चरबी रोखणं हे त्याचं काम नाही. उलट चरबी थोडी परत यायलाच हवी, त्याशिवाय शरीर सावरत नाही. २०१३ मध्ये छापून आलेला एका नॅचरल (स्टेरॉइड न घेणाऱ्या) बॉडीबिल्डरचा वर्षभराचा अभ्यास आहे, सहा महिने तयारी आणि सहा महिने नंतरचे. तयारीत त्याची बॉडी फॅट १४.८ टक्क्यांवरून ४.५ वर आली, टेस्टोस्टेरॉन मिलिलिटरमागे ९.२२ वरून २.२७ नॅनोग्रॅमवर घसरलं. नंतरच्या सहा महिन्यांत टेस्टोस्टेरॉन पूर्ण परत आलं, आणि बॉडी फॅटसुद्धा जवळजवळ होती तिथेच परत आली, १४.६ वर. एका माणसावरून नियम काढता येत नाही हे मान्य, पण दिशा स्पष्ट आहे. बायकांच्या बाबतीत २०१७ चा अभ्यास आहे, २७ फिटनेस स्पर्धक, शोनंतर तीन-चार महिन्यांत त्यांची बरीचशी हॉर्मोन्स परत आली, पण थायरॉइडचं टी३ आणि टेस्टोस्टेरॉन तेव्हाही थोडं खालीच होतं. म्हणजे स्टेजवरची बॉडी कार्डिओच्या जोरावर धरून ठेवायची म्हटलं तर तुम्ही हीच रिकव्हरी पुढे ढकलताय.

आता त्याच पहिल्या अभ्यासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आकडा. त्या माणसाची विश्रांतीतली नाडी तयारीत मिनिटाला ५३ वरून २७ वर आली होती. सत्तावीस! नाडी कमी म्हणजे हार्ट मजबूत, असं सरसकट समजलं जातं, आणि प्रेपच्या शेवटी घड्याळात नाडी खाली गेलेली बघून लोक खूश होतात. पण उपाशी शरीर वीज वाचवावी तशी नाडी खाली आणतं, त्यात कमावलेला फिटनेस किती आणि उपासमार किती हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. शोनंतर महिन्याभरात त्याची नाडी ४६ वर आली, आणि ही चांगली बातमी होती. त्यामुळे शोनंतर खाणं वाढल्यावर नाडी थोडी वर गेली म्हणून स्टॅमिना गेला असं समजून कार्डिओ वाढवू नका. फिटनेस बघायचा असेल तर त्याच मशीनवर, त्याच स्पीडला, त्याच इन्क्लाइनला (चढाला) चालताना नाडी किती जाते ते दर दोन आठवड्यांनी बघा, ते जास्त खरं बोलतं.

वजनकाट्याचं बोलूया, कारण ९० टक्के घाबरगुंडी इथूनच सुरू होते. शोच्या रात्री मनसोक्त जेवण होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजे काढले की घोट्याच्या वर इलास्टिकची खोल रेघ उमटलेली असते, नडगीवर अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडतो आणि हळूहळू भरतो, अंगठी निघत नाही, आणि काटा तीन-चार किलो वर. ही चरबी नाही. एक किलो चरबी साठायला खर्चापेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे दोन दिवसांत चार किलो चरबीसाठी तीस हजार कॅलरी जादा खाव्या लागतील. झालेलं असतं असं की रिकाम्या स्नायूंमध्ये ग्लायकोजेन (कार्बचा साठा) भरलं, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन सोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून बसतं, म्हणजे ४०० ग्रॅम भरलं तर पाण्यासकट दीड किलोच्या वर तिथेच गेलं. बाकी मीठ, पोटातलं अन्न, आणि पीक वीकमध्ये (शोआधीच्या शेवटच्या आठवड्यात) पाणी-मिठाशी केलेले खेळ उलटणं. एवढ्या पाण्यावर तासभर स्टेअरमास्टर (जिने चढायचं मशीन) करून काय होणार? घाम येईल, काटा संध्याकाळी एक किलो खाली दाखवेल आणि सकाळी परत तिथेच. या सुजेवर कार्डिओचा उतारा म्हणजे निवांत चालणं, पाय वर करून झोपणं, आणि पाणी-मीठ नेहमीसारखं ठेवणं. हो पण सूज आहे आणि त्याबरोबर धाप लागतेय, छातीत धडधडतंय, एकाच पायाला जास्त सूज आहे, किंवा पाणी काढायची औषधं घेतली होती, तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

मग करायचं काय? समजा शोच्या आधी आठवड्याला ६ सेशन, प्रत्येकी ४५ मिनिटं इन्क्लाइनवर चालणं असं चालू होतं. वजनानुसार फरक पडतो पण सेशनला ३०० कॅलरी धरल्या तर आठवड्याला १,८००, म्हणजे दिवसाला अडीचशेच्या आसपास. हा हिशोब लक्षात ठेवा, कारण कार्डिओ अडीचशेने कमी करणं आणि खाणं अडीचशेने वाढवणं हे वजनाच्या दृष्टीने सारखंच आहे. लोक काय करतात, कार्डिओ एका दिवसात शून्य करतात, रोजची पावलं पण आपोआप निम्मी होतात, आणि त्याच आठवड्यात खाणं हजार-दीड हजाराने वाढतं, म्हणजे तिन्ही टोकं एकदम सुटतात आणि मग रिबाउंडचं, म्हणजे भराभर परत वाढलेल्या वजनाचं, खापर कार्डिओ बंद करण्यावर फुटतं.

मला स्वतःला पटणारी पद्धत अशी: हिट (थांबून-थांबून जोरात करायचा कार्डिओ), स्प्रिंट, स्टेअरमास्टर हे पहिल्याच दिवसापासून बंद, कारण थकलेल्या शरीराला ते सगळ्यात महाग पडतं आणि पायाच्या वर्कआउटमध्ये सरळ आडवं येतं. चालणं मात्र ठेवायचं. पहिल्या आठवड्यात ठरवून कार्डिओ नाहीच, नुसतं बाहेर फिरणं, पावलं प्रेपमधल्या पातळीच्या फार खाली जाऊ द्यायची नाहीत. दुसऱ्या आठवड्यात ४ सेशन, अर्धा-अर्धा तास, तिसऱ्या-चौथ्यापर्यंत ३ वर. स्पीड एवढाच की चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. आणि या सगळ्या काळात खाणं ठरवून वर न्यायचं, कार्डिओ कमी होतोय म्हणून खाणं जागेवरच ठेवतो असा सौदा करायचा नाही. महिनाभराने झोप नीट झाली, वेट्स परत चढायला लागले, की मग तीनपैकी एक सेशन थोडं जोरात करायला हरकत नाही.

एवढ्या कमी कार्डिओने फिटनेस जाईल ही भीती मला अजिबात पटत नाही. १९८१ चा एक जुना अभ्यास आहे, आठवड्याला ६ दिवस ट्रेनिंग करणाऱ्यांना ४ किंवा २ दिवसांवर आणलं, फक्त जोर तोच ठेवला, तर १५ आठवडे त्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता टिकून राहिली. तब्येतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीचा आहे, आणि जोरात चालणंसुद्धा त्यात धरलं जातं. तीन सेशन आणि रोजचं फिरणं, झालं की पूर्ण.

आता खरी अडचण कुठे आहे ते एका हिशोबात बघा. एक बाई, चरबी सोडून तिचं वजन ४८ किलो, शोनंतर १,८०० कॅलरी खातेय आणि काट्याच्या भीतीने रोज ३५० कॅलरीचा कार्डिओ आणि २०० ची वेट ट्रेनिंग चालू आहे. शरीराच्या बाकी कामांना उरले १,२५०, म्हणजे किलोमागे २६. अभ्यासांमध्ये साधारण ३० च्या खाली गेलं की बायकांच्या हॉर्मोन्सवर परिणाम दिसायला लागतो. हीच बाई कार्डिओ निम्मा करून २,००० खायला लागली तर आकडा ३४ च्या जवळ जातो. रेषा काटेकोर नाही, प्रत्येकीची वेगळी असते, पण पाळी बंद असेल आणि महिने उलटले तरी येत नसेल तर पहिला बदल इथे करायचा, आणि डॉक्टरलाही दाखवायचं. पुरुषांना पाळीसारखी ठळक खूण नसते म्हणून त्यांनी झोप, सेक्सची इच्छा, थंडी वाजणं, चिडचिड याकडे लक्ष द्यावं.

रिकाम्या पोटी कार्डिओबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कॅलरी सारख्या असतील तर चरबीवर फरक पडत नाही, आणि शोनंतर तर तो करायला काही कारणच उरत नाही, खाऊन जा.

ज्यांनी स्टेरॉइड वापरलेत त्यांना मात्र मी वेगळं सांगेन, कार्डिओ शून्य करू नका. या औषधांनी चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, बीपी वाढू शकतं, हृदयावर ताण येतो, त्यामुळे शोनंतर ब्लड टेस्ट आणि बीपी आधी, आणि रिपोर्ट बघून डॉक्टर जेवढं सांगतील तेवढं नियमित चालणं. इथे आरशाचा काही संबंध नाही.

एक अपवाद राहिला. पुढचा शो सहा-आठ आठवड्यांवर असेल तर वरचं सगळं लागू होत नाही, तुम्ही अजून प्रेपमध्येच आहात. तेव्हा चार-पाच दिवस खाणं वाढवून, कार्डिओ निम्म्यावर आणून, सूज उतरू द्या आणि मग पुन्हा वजनाची सरासरी बघून हळूहळू वाढवा. हा जो निम्म्यावर आणायचा आठवडा आहे तो बहुतेक जण भीतीपोटी गाळतात, आणि दुसऱ्या शोला सपाट, सुकलेले दिसतात.