शंकरमामंजींना एवढा अधिकार आला कुठून?

हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ वाचताना शंकरमामंजींवर दातओठ खाल्ले नाहीत असा वाचक विरळाच. नवरा गेलेल्या यमूचं, म्हणजे कादंबरीच्या नायिकेचं, केशवपन बळजबरीने करवणारा हा तिच्या सासरचा वडीलधारा माणूस. पण त्याला दुष्ट म्हणून मोकळं झालं की कादंबरीतली खरी गोम हातून निसटते. मामंजी कुठले सरदार नव्हेत, सरकारी अंमलदार नव्हेत. तरी त्यांच्यापुढे शिकलेसवरलेले पुरुष गप्प बसतात. का बसतात, ते कळायला १८९०च्या आसपासचं पुणं-मुंबई समोर ठेवावं लागतं.

त्या वर्षी आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून यमूची ही आत्मकथा क्रमशः येऊ लागली. आपट्यांचा जन्म १८६४चा. बालविवाहाच्या खटल्यामुळे गाजलेल्या रखमाबाईंचाही त्याच सालचा. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि त्या नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, १८८४मध्ये दावा लावला. पहिल्या न्यायाधीशाने रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पुढे १८८७मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा. त्या म्हणाल्या, तुरुंग पत्करला. शेवटी १८८८मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. मग संमतिवयाचा, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाला कायद्याने किमान वय किती असावं याचा, वाद पेटला आणि मार्च १८९१मध्ये वयाची अट दहावरून बारा झाली. एवढ्या दोन वर्षांसाठी पुण्यात रणकंदन झालं, टिळक विरोधात आणि आगरकर बाजूने. ‘करमणूक’चे वाचक यमूची प्रकरणं वाचत होते ते असल्या वातावरणात.

यमू विधवा झाली तेव्हा तिच्या हाती काय होतं? एकत्र कुटुंबातल्या विधवेला इस्टेटीत वाटा मागण्याची सोय तेव्हाच्या हिंदू कायद्यात नव्हती. नवऱ्याचा हिस्सा घरातल्या पुरुषांकडे जाई, तिला अन्नवस्त्र आणि राहायला जागा. ही स्थिती बदलायला १९३७ उजाडलं. पुनर्विवाहाला १८५६पासून कायद्याने मोकळीक होती खरी, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा उरलासुरला हक्कही जाई. म्हणजे दोन वेळचं जेवण ज्याच्या घरी, त्याची मर्जी राखणं आलंच. मामंजींच्या दराऱ्यामागे हा साधा हिशेब आहे, आणि माझ्या मते त्यांच्या स्वभावापेक्षा तो जास्त महत्त्वाचा.

यमूच्या नवऱ्याचं, रघुनाथरावांचं पाहा. भला माणूस, बायकोच्या लिहिण्या-वाचण्याला उत्तेजन देणारा. पण त्याचं चालतं ते मुंबईच्या बिऱ्हाडात. वडीलधाऱ्यांच्या घरात तोही मुकाट. बोरघाटातून रेल्वे १८६३मध्ये सुरू झाली, मुंबईत नोकऱ्या मिळू लागल्या, आणि त्या पिढीतल्या काही जोडप्यांना थोरल्यांच्या नजरेआड संसार थाटता आला. यमूच्या सुखाचा काळ नेमका तेवढाच. नवरा जातो, बिऱ्हाड मोडतं, आणि तिला परत त्याच ओसरीवर यावं लागतं.

हे कादंबरीपुरतंच होतं असं कुणाला वाटेल, तर न्यायमूर्ती रानडे आहेत. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, पण पहिली पत्नी वारल्यावर १८७३मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे नमले आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. पुढे ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये मंडळींनी चहा घेतला, त्याचा ग्रामण्यप्रकरणापर्यंत, म्हणजे जातीबाहेर टाकण्याच्या वादापर्यंत, बभ्रा झाला आणि १८९२मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. कपभर चहापायी! जिथे रानड्यांची ही गत, तिथे यमूच्या दादाने किंवा सासरच्या कुणी मामंजींचा हात धरावा ही अपेक्षा कुठवर करायची?

केशवपन हा नुसता दुःखाचा विधी नव्हता. डोकं न केलेल्या विधवेच्या हातचं पाणी सोवळ्याला चालत नसे, म्हणून स्वयंपाकघर आणि देवघर दोन्ही तिला बंद. घरातल्या बायकाच तिला बाजूला सारत. न्हावी मागल्या दारी येई, तिला पाटावर बसवलं जाई, आणि लाल आलवण हाती पडे. मग जन्मभर महिन्या-पंधरवड्याने तेच. गंमत म्हणजे या सगळ्या व्यवहारात ‘नाही’ म्हणण्याची ताकद ज्याच्या वस्तऱ्यात होती, तो जातीने खालचा गणला जाई. मुंबईत १८९०मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवून विधवांची डोकी करायची नाहीत असं ठरवलं. यमूच्या घरच्यांना असा अडथळा आला नाही.

यमूकडे उरली ती लेखणी. सगळी कहाणी तिच्याच तोंडून येते, मामंजींचा न्यायनिवाडाही तीच करते. हा आवाज तिला एका पुरुष लेखकाने दिला, ही त्यातली अडचण आहेच. ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२मध्ये छापली होती, तिची धार यमूला नाही. यमू सोसते, ताराबाई जाब विचारतात.

मार्च १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. यमूला न सापडलेलं दार गोदूबाईंना सापडलं ते सदनामुळे, सासर-माहेराबाहेर राहायची जागा मिळाल्यामुळे. तरी कर्व्यांच्या मुरुड गावाने त्या दोघांवर बहिष्कार घातलाच.