दावा दुरुस्ती अर्ज: ‘नजरचुकीने राहून गेले’ एवढ्यावर भागत नाही

जमिनीचा दावा दाखल होतो, समोरच्याची कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) येते, आणि मग लक्षात येतं की गट नंबर चुकलाय, एक हिस्सा लिहायचा राहिलाय किंवा दावा चालू असतानाच प्रतिवादीने जमीन तिसऱ्याला विकलीय. अशा वेळी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १७ खाली दुरुस्ती मागता येते. वादीला दाव्यात, प्रतिवादीला कैफियतीत. अर्ज, प्रतिज्ञापत्र, समोरच्याला प्रत, त्याचं म्हणणं, युक्तिवाद, हुकूम. इथवर अवघड काही नाही.

अडतं ते वेळेवर. ट्रायल, म्हणजे पुराव्याची सुनावणी, सुरू होण्याआधी कोर्ट सहसा हात आखडता घेत नाही. पण २००२ च्या दुरुस्तीनंतर नियमाला एक अट जोडली गेली: ट्रायल सुरू झाल्यावर अर्ज आला, तर पुरेशी दक्षता घेऊनही ही गोष्ट आधी मांडता आली नसती, हे कोर्टाला पटलं पाहिजे. ट्रायल म्हणजे उलटतपासणी, असं धरून पक्षकार निवांत असतात. विद्याबाई विरुद्ध पद्मलता (२००९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरतपासणीचं (साक्षीदाराने आपल्या बाजूने द्यायच्या साक्षीचं) प्रतिज्ञापत्र दाखल होणं हीच सुरुवात मानली आहे. म्हणजे कोर्टाने वादाचे मुद्दे काढले की जागे व्हा.

आणि अर्जात काय लिहिलेलं असतं? ‘सदर मजकूर नजरचुकीने नमूद करावयाचा राहून गेला.’ ट्रायल सुरू झाल्यावर हे वाक्य म्हणजे दक्षता घेतली नाही याची आपणच दिलेली कबुली! त्याऐवजी तारखा द्या: फेरफार कधी मंजूर झाला, तुम्हाला कधी कळलं, नकलेचा अर्ज कधी केला, नक्कल कधी मिळाली. नकलेवर अर्जाची आणि नक्कल दिल्याची तारीख असते. अनेकजण तिची फक्त पुढची बाजू झेरॉक्स करतात आणि नेमका शिक्का मागेच राहतो.

कागदांत सगळ्यात छळतो तो जुन्या-नव्या नंबरांचा मेळ. एकत्रीकरण योजना (तुकडे जोडून नवे गट पाडण्याची) झालेल्या गावांत खरेदीखत जुन्या सर्व्हे नंबरचं आणि सातबारा गट नंबरचा. दोन्ही एकच जमीन आहे हे दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा घरात कुणाकडेच नसतो. तलाठी भूमी अभिलेखकडे बोट दाखवतो, तिथले रेकॉर्ड शोधतो म्हणतात. अर्ज करून पोच घ्या. उतारा हाती यायला उशीर झाला, तर तीच पोच तुमची दक्षता दाखवते. चतुःसीमाही याच अर्जात तपासून घ्या.

नवी मागणी घालायची असेल तर मुदत आधी बघा. नुसत्या मनाईच्या (समोरच्याला अडवण्याच्या हुकमाच्या) दाव्यात मालकी ठरवून मागायची किंवा खरेदीखत रद्द करून हवं, तर साधारण तीन वर्षांची मुदत आडवी येते. कोर्ट फीही वाढू शकते. प्रतिवादीने कैफियतीत एकदा दिलेली कबुली दुरुस्तीच्या नावाखाली पुसायला कोर्ट सहजी देत नाही. मयत पक्षकाराचे वारस लावणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याला मृत्यूपासून ९० दिवस आहेत. ते दुरुस्ती अर्जाच्या भरवशावर सोडू नका.

अर्ज मंजूर झाला की लोक पेढे वाटून घरी जातात आणि प्रत्यक्ष दुरुस्ती करायचीच राहते. हुकमात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर हुकमापासून १४ दिवसांत, मूळ दाव्यात ती घालावी लागते. नियम १८ तसं सांगतो. ही मुदत टळली तर मुदतवाढ मागा, आणि तिचं कारणही तारखांनिशी द्या. ‘पुढच्या तारखेला बघू’ म्हणणाऱ्या वकिलाला इथे थोडा तगादा लावलेला बरा.

अर्ज फेटाळला तर अपील नाही. घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट करावं लागतं, आणि पुण्याच्या पक्षकाराला त्यासाठी मुंबईच गाठावी लागते. नुसतं रिट दाखल केल्याने खालचा दावा थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.