दुरोस्तोर आणि कालियाक्रा: आले एकत्र, गेले एकत्र, पण एक नदीचा आणि एक समुद्राचा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला रोमानियाचा मॅप बघा, खाली उजव्या कोपऱ्यात, आज जिथे बल्गेरिया आहे तिथे दोन जिल्हे दिसतील, दुरोस्तोर आणि कालियाक्रा. दोन्ही मिळून साडेसात हजार चौरस किमीच्या आसपासचा भाग, त्याला दक्षिण दोब्रुजा म्हणतात, रोमानियन लोक कादरिलातेर म्हणतात. गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण ही दोन नावं जिथे तिथे जोडीनेच येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की दोन्हीकडे सगळं सारखंच असणार. आणि मग कादरिलातेर म्हटलं की सगळे बालचिकचा राजवाडा आणि समुद्राचे फोटो टाकतात, तेही बरोबरच आहे, पण तो फक्त कालियाक्रा झाला. दुरोस्तोरमध्ये तर समुद्रच नव्हता, आणि माणसं जास्त तिथेच राहत होती.

आधी जे कॉमन आहे ते पटकन सांगते. 1878 मध्ये उत्तर दोब्रुजा रोमानियाला मिळाला, दक्षिण भाग बल्गेरियाकडे गेला. रोमानियाचा डोळा तेव्हापासून डॅन्यूबकाठच्या सिलिस्त्रा शहरावर होता, आणि मे 1913 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या वाटाघाटीत ते एक शहर द्यायचं ठरलंसुद्धा. पण लगेच दुसरं बाल्कन युद्ध पेटलं, बल्गेरिया हरला, आणि ऑगस्ट 1913 च्या बुखारेस्ट करारात डॅन्यूबवरच्या तुर्तुकायापासून काळ्या समुद्रावरच्या एक्रेनेपर्यंत रेघ मारून तिच्या वरचं सगळं रोमानियाने घेतलं. त्याचेच हे दोन जिल्हे झाले. पहिल्या महायुद्धात ते हातातून गेले, 1919 च्या नॉयी कराराने परत मिळाले, आणि 7 सप्टेंबर 1940 च्या क्रायोवा कराराने कायमचे बल्गेरियाकडे गेले. तारखा दोघांच्या सेम आहेत, म्हणूनच लोक फसतात.

आता दुरोस्तोर. हा पश्चिमेकडचा, मुख्य ठिकाण सिलिस्त्रा, डॅन्यूबच्या अगदी काठावर. जिल्ह्याचं नाव रोमन काळातल्या दुरोस्तोरम या छावणीवरून आलंय, अकराव्या क्लॉडिया लीजनचा, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या तुकडीचा, तळ तिथे होता, आणि चौथ्या शतकातली भिंतीवर चित्रं काढलेली एक रोमन कबर आजही सिलिस्त्रात आहे. नदी ओलांडायची ही जागा असल्यामुळे या शहराला युद्धांनी कधी सोडलंच नाही, 1854 मध्ये रशियाने ओटोमन सिलिस्त्राला वेढा घातला तेव्हा तरुण टॉलस्टॉय रशियन फौजेसोबत तिथे होता. नदीपासून आत दक्षिणेला गेलं की देलिओर्मानचा जंगलाचा, चढउताराचा मुलूख लागतो आणि तिथे गावंच्या गावं तुर्कांची.

या जिल्ह्यातलं जे नाव प्रत्येक रोमानियन माणसाला ठाऊक असतं ते म्हणजे तुर्तुकाया, आजचं तुत्राकान. रोमानिया ऑगस्ट 1916 च्या शेवटी महायुद्धात उतरला आणि काही दिवसांतच, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, इथला किल्ला पडला. पाठीमागे डॅन्यूब, माघार घ्यायला पूल नाही, आणि सुमारे 28 हजार रोमानियन सैनिक कैद झाले! आजही तिथल्या युद्धस्मशानात एकमेकांविरुद्ध लढलेले सैनिक एकाच मातीत आहेत, आणि मला विचाराल तर कादरिलातेरच्या इतिहासात आधी या जागेबद्दल बोलायला हवं, राजवाड्याबद्दल नंतर.

कालियाक्रा पूर्वेकडचा. नाव कालियाक्रा भूशिरावरून, तिथले कडे सरळ 70 मीटर खाली समुद्रात उतरतात. किनारा सोडला तर बाकी सगळं दोब्रुजाचं सपाट पठार, झाडं कमी, वारा भरपूर, आणि नजर जाईल तिथपर्यंत गहू. मुख्य ठिकाण समुद्रावर नव्हतंच, ते होतं आतलं बाझारजिक, धान्याच्या व्यापाराचं शहर. बालचिक आणि कवार्ना ही बंदरं, याच पठारावरचं धान्य तिथून बाहेर जायचं.

बालचिकचं मात्र वेगळंच झालं. पांढऱ्या खडूच्या डोंगरउतारावर, समुद्राकडे तोंड करून वसलेलं हे गाव राणी मारियाला इतकं आवडलं की 1920 च्या दशकात तिने तिथे घर बांधायला घेतलं. भलामोठा महाल नाही, एक साधंसं पांढरं घर, त्याला चक्क मिनार, आणि खाली समुद्रापर्यंत उतरत जाणाऱ्या बागा. व्हिक्टोरिया राणीची ही नात, रोमानियाची राणी, आणि घराला नाव दिलं तुर्की, तेन्हा युवा. तोनित्झा, इसेर अशा रोमानियन चित्रकारांनीही बालचिक खूप रंगवलं. 1938 मध्ये राणी गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिचं हृदय बालचिकच्या छोट्या चॅपेलमध्ये ठेवलं होतं, पण दोनच वर्षांत सीमा सरकली आणि ते रोमानियातल्या ब्रानला हलवावं लागलं.

माणसांचं गणितही दोन्हीकडे वेगळं होतं. 1930 च्या जनगणनेत दुरोस्तोरची लोकसंख्या 2,11,433 आणि कालियाक्राची 1,66,911, म्हणजे क्षेत्रफळाने मोठा कालियाक्रा पण माणसं जास्त दुरोस्तोरमध्ये. दुरोस्तोरमध्ये सगळ्यात मोठा गट तुर्कांचा होता, कालियाक्रात बल्गेरियनांचा, आणि रोमानियन दोन्हीकडे अल्पसंख्य, तेही बरेचसे बाहेरून आणून वसवलेले. त्यात 1925 पासून ग्रीस आणि मॅसेडोनियाकडून आलेले अरोमानियन (रोमानियनला जवळची भाषा बोलणारे बाल्कनमधले लोक) होते, त्यांना इथे जमिनी दिल्या, आणि त्या देण्यासाठी आधीच्या बल्गेरियन आणि तुर्क शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने काढून घेतल्या होत्या, त्यामुळे भांडणं आणि हाणामाऱ्या ठरलेल्याच.

मग क्रायोवा करार, आणि त्यात लोकांची सक्तीची अदलाबदल. या दोन जिल्ह्यांतल्या रोमानियनांनी उत्तरेला जायचं, उत्तर दोब्रुजातल्या बल्गेरियनांनी दक्षिणेला यायचं, मुदत फक्त तीन महिने. अंदाजे एक लाख रोमानियन उत्तरेला गेले, साठ हजारांच्या पुढे बल्गेरियन दक्षिणेला आले. तुर्क या अदलाबदलीत नव्हते, म्हणून सिलिस्त्राच्या दक्षिणेला आजही तुर्क गावं आहेत. सगळ्यात जास्त वाईट मला त्या अरोमानियन कुटुंबांचं वाटतं, पंधरा वर्षांत दोनदा घर उचललं, आणि दोन्ही वेळा निर्णय दुसऱ्यांनी कागदावर घेतलेला.

आता जुनं कागदपत्र किंवा पोस्टकार्ड हातात आलं आणि ते गाव आजच्या मॅपवर शोधायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. दुरोस्तोरचा बराचसा भाग आजच्या बल्गेरियाच्या सिलिस्त्रा प्रांतात आहे, तुर्तुकाया म्हणजे तुत्राकान, अक्कादिन्लार म्हणजे दुलोवो, पण कुर्तबुनार म्हणजे आजचं तेरवेल, ते दोब्रिच प्रांतात गेलंय, त्यामुळे जिल्हा आणि प्रांत तंतोतंत जुळत नाहीत. कालियाक्राचं बाझारजिक म्हणजे आजचं दोब्रिच, 1949 ते 1990 मध्ये त्याचं नाव तोलबुखिन होतं, त्यामुळे त्या काळातल्या मॅपवर दोब्रिच सापडणारच नाही. आणि दक्षिणेला प्लोव्हदिवजवळ पाझारजिक नावाचं एक शहर आहे, त्याचा या जिल्ह्याशी काही संबंध नाही, नावं बघून तिकडे जाऊ नका.