सोनेरी टकीलाचे दोन प्रकार: गोल्ड आणि रेपोसादो

गोल्ड आणि रेपोसादो या टकीलाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, तर नुसत्या रंगावरून त्या ओळखता येत नाहीत. दोन्ही सोनेरी दिसतात, दोन्हींचे लेबल बहुधा तितकेच दिमाखदार असते आणि त्यामुळे पुष्कळ लोक त्यांना एकच समजतात. प्रत्यक्षात त्यांच्यात फार मोठा फरक आहे, आणि तो सोनेरी रंग बाटलीत कुठून आला यावर अवलंबून आहे.

टकीला मेक्सिकोतील हलिस्को राज्यात आणि ग्वानाहुआतो, मिचोआकान, नायारित व तामाउलिपास या राज्यांच्या ठरावीक भागांतच बनवता येते. १९७४ पासून या नावाला कायदेशीर संरक्षण आहे. तिच्यासाठी लागणारी निळी अगावे ही आपल्या घायपाताच्या कुळातली वनस्पती. (दख्खनच्या पठारावरील अगावेपासून आता भारतातही मद्य तयार होते, मात्र त्याला टकीला म्हणता येत नाही.) ही वनस्पती पक्व व्हायला साधारण ६ ते ८ वर्षे लागतात. पाने छाटून उरलेला गाभा भट्टीत शिजवला, त्याचा रस आंबवला आणि दोनदा ऊर्ध्वपातन केले, की मिळणारे मद्य पूर्णपणे रंगहीन असते. तीच ब्लांको. गोल्ड असो वा रेपोसादो, दोघींची सुरुवात या रंगहीन मद्यापासूनच होते.

गोल्ड, जिचा अधिकृत वर्ग ‘होवेन’ किंवा ‘ओरो’ असा आहे, ती दोन रीतींनी तयार होऊ शकते. ब्लांकोमध्ये थोडी मुरवलेली, म्हणजे लाकडी पिंपात काही काळ ठेवलेली टकीला मिसळली तर ते मिश्रण या वर्गात बसते, आणि अशा काही बाटल्या खरोखर चांगल्या असतात. मात्र बाजारातील बहुतेक स्वस्त गोल्ड दुसऱ्या रीतीने बनते: न मुरवलेल्या मद्यात कॅरमेलचा रंग, ओक या झाडाच्या लाकडाचा अर्क, ग्लिसरीन किंवा साखरेचा पाक घातला जातो. मेक्सिकोच्या मानकानुसार या पदार्थांचे प्रमाण वजनाच्या १ टक्क्यापर्यंत चालते, त्यामुळे यात बेकायदेशीर काही नाही. परंतु लाकडाच्या सहवासात मद्यात जे बदल होतात, ते अशा गोल्डमध्ये झालेलेच नसतात.

रेपोसादोला मात्र ओकच्या लाकडात किमान २ महिने राहावेच लागते. वर्षभर मुरली तर ती अन्येहो होऊ शकते आणि ३ वर्षे मुरली तर एक्स्ट्रा अन्येहो, पण या दोन्हींसाठी पिंप ६०० लिटरहून मोठे चालत नाही. रेपोसादोवर असे बंधन नसल्याने काही उत्पादक ती ओकच्या प्रचंड टाक्यांमध्ये मुरवतात. टाकी जितकी मोठी, तितका मद्याचा लाकडाशी संपर्क कमी आणि परिणाम सौम्य. अनेक उत्पादक अमेरिकेतून आलेली बर्बन या तिथल्या व्हिस्कीची जुनी पिंपे वापरतात, कारण बर्बनसाठी दरवेळी आतून जाळलेले नवे ओकचे पिंप वापरण्याचा तिथला कायदा आहे आणि त्यामुळे वापरलेली पिंपे भरपूर उपलब्ध होतात. या लाकडातून व्हॅनिलाची आठवण करून देणारा गंध आणि किंचित तुरटपणा मद्यात उतरतो, कच्च्या मद्याचा तिखटपणा निवळतो, तरीही भाजलेल्या अगावेची चव पुसली जात नाही. माझ्या मते रेपोसादोचे खरे मोल याच समतोलात आहे. जास्त मुरवलेल्या टकीलांमध्ये लाकूड अनेकदा अगावेवर मात करते.

पण केवळ ‘रेपोसादो’ हा शब्द वाचून निश्चिंत होणे योग्य नाही. मुरवण्याचा काळ ही एक गोष्ट आणि मद्य कशापासून बनले ही दुसरी. लेबलवर ‘१०० टक्के अगावे’ असे लिहिलेले नसेल, तर ती टकीला बनवताना आंबवलेल्या साखरेतील निम्म्याच्या जवळपास, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत साखर ऊस किंवा मक्यापासून आलेली असू शकते. या प्रकाराला बोलीत मिक्स्टो म्हणतात. बहुतेक गोल्ड मिक्स्टो असतात हे खरे, पण मिक्स्टो रेपोसादोही मिळते. शिवाय रंग आणि पाक यांची १ टक्क्याची मुभा रेपोसादोलाही लागू आहे. उलट क्रिस्टालिनो नावाची टकीला मुरवल्यानंतर कोळशातून गाळून पुन्हा रंगहीन केलेली असते.

म्हणून बाटली निवडताना आधी ‘१०० टक्के अगावे’ हे शब्द शोधावेत, मग वर्ग पाहावा. लेबलवरील ‘नॉम’ (NOM) या अक्षरांपुढील चार अंकी क्रमांकावरून ती कोणत्या कारखान्यात बनली हेही कळते. लिंबू, साखर आणि इतर रसांच्या मिश्रणात मिक्स्टो गोल्डचे उणेपण फारसे जाणवत नाही. नुसती, सावकाश घोट घेत प्यायची असेल तर रेपोसादो घ्यावी. आणि खिशाला गोल्डच परवडत असेल, पण त्याच किमतीत १०० टक्के अगावेची ब्लांको मिळत असेल, तर रंगाचा मोह सोडून ती ब्लांको घ्यावी.